जुना संगणक आणि पेढीचा हिशेब

दिवाळीच्या सुमारास वणीच्या बाजारपेठेत कापसाची आवक वाढू लागते. नेमक्या त्याच दिवसांत एखाद्या पेढीवरचा दहा-बारा वर्षांचा संगणक एका सकाळी सुरूच होत नाही. आतला पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच राहतो. मुनीमजी पुनःपुन्हा कळ दाबून पाहतात. मालकांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : कोणाकडे किती येणे आहे, हे आता कोण सांगणार?

अशा वेळी प्रथम धीर धरावा. यंत्र बंद पडले म्हणजे हिशेब गेला, असे नव्हे. हिशेब हार्ड डिस्कमध्ये असतो आणि बिघाड पुष्कळदा अन्यत्र असतो. वणीसारख्या गावी कापसाची तूस, कोळशाची धूळ आणि विदर्भाचा उन्हाळा हे तिन्ही यंत्राचे वैरी होत. धुळीने हवेच्या वाटा बुजतात आणि आतली उष्णता वाढते. मदरबोर्डवरील कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. फुगलेला कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो.

काही उपाय अल्पखर्चाचे आहेत. वीजपुरवठा तोडून मेमरीची पट्टी काढावी, तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसावी व ती पुन्हा घट्ट बसवावी. एवढ्यानेही पडदा कधी कधी उजळतो. रोज तारीख मागे जात असेल, तर ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी बदलावी. तारीख चुकली की नोंदी चुकीच्या दिवशी पडतात आणि जीएसटीचे संकेतस्थळही उघडेनासे होते. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. वीज तोडल्यावरही तिच्यात धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे. प्रत्येक नव्या प्रयत्नाने इजा वाढते. आवाज नसेल, तर जाणत्या कारागिराकडून डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून आधी संपूर्ण प्रत काढून घ्यावी आणि मगच दुरुस्तीस हात घालावा. प्रत हाती येण्यापूर्वी ‘फॉरमॅट करू का?’ या प्रश्नास होकार देऊ नये.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. जुने यंत्र इतका काळ टिकेलच, याची शाश्वती कोण देणार? म्हणून हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक पेढीबाहेर, घरी ठेवावी. महिन्यातून एकदा ती प्रत उघडूनही पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे न मोजलेल्या थैलीवर विसंबणे होय.

कार्तिक शुद्ध पंचमीस व्यापारी लाभपंचमी साजरी करतात. तीच ज्ञानपंचमीही आहे. त्या दिवशी ज्ञानभांडारांतील ग्रंथांची धूळ झाडून त्यांची देखभाल करण्याची परंपरा आहे. ताडपत्रांवरची अक्षरे शतकानुशतके टिकली, ती अशाच नेमाने. त्याच दिवशी पेढीवरच्या संगणकाची धूळ झाडून हिशेबाची नवी प्रत काढली, तर वहीपूजनाचा अर्थ अधिक पूर्ण होईल.