मंडई आली म्हणून पथ्य का मोडावं?

भाऊबीज सरली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची. दिवसा बाजार आणि पाहुण्यांची वर्दळ, रात्री दंडार किंवा वडसा येथून आलेल्या कंपनीचं नाटक. गावात मंडई म्हणजे घरोघरी लेकी-जावई, सोयरे-धायरे. चुलीवर कोंबडीचा रस्सा शिजत असतो, ताटात नव्या धानाचा भात असतो आणि दिवाळीच्या करंज्या-चकल्यांचा डबा अजून रिकामा झालेला नसतो.

याच दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीतली अनेक डाएटं मोडतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही किंवा आरमोरीचा एखादा शिक्षक घ्या. रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, म्हणून त्याने दसऱ्याला सुरुवात केली. भात बंद, गोड बंद, रात्रीचं जेवण सातच्या आत. महिनाभर सगळं नेटाने चाललं, तीन किलो वजनही उतरलं. मग सासुरवाडीच्या मंडईचं बोलावणं आलं. पहिला घास नाइलाजाने, दुसरा आग्रहाने आणि तिसरा ‘आता मोडलंच आहे तर’ या विचाराने पोटात गेला. त्यानंतर डाएट संपलं ते संपलंच. होळीपर्यंत उतरलेले तीन किलो परत आले, सोबत एखादा जास्तीचा घेऊन.

या शिक्षकाचा निश्चय कच्चा होता, असं सगळे म्हणतील. तोही तसंच म्हणेल. पण चूक आखणीत होती. दिवाळीनंतर मंडई येणार हे लहान मुलालाही ठाऊक असतं. मग ज्या आहार-आखणीत मंडईला जागाच नाही, ती या मुलखात टिकणार कशी? वजन कमी करणाऱ्याने आधी ठरवून, तारीख टाकून डाएटला सुटी द्यावी आणि त्या सुटीतही चालणं सोडू नये. हा सल्ला ऐकायला ढिलाईचा वाटतो. प्रत्यक्षात वर्षभर तग धरू शकेल असा दुसरा मार्ग बहुतेकांजवळ नसतो.

मुळात घोळ होतो तो उपास आणि पथ्य यांच्या सरमिसळीतून. उपास मोडतो. एकादशीला चुकून भाताचा घास खाल्ला की उपास गेला, मग दिवसभर काहीही खाल्लं तरी फरक पडत नाही. पथ्याचं तसं नसतं. एक जेवण जास्त झालं तर पुढचं बेताचं घ्यायचं, एवढाच त्याचा हिशेब. वजन उतरवणारी माणसं मात्र पथ्याला उपासाचे नियम लावतात. ही खोड केवळ इथली नाही. अमेरिकेत १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणींना आधी मिल्कशेक पाजलं आणि नंतर सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं. एरवी खाण्यावर ताबा न ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. डाएटवाल्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच होता, मग थांबायचं कशासाठी? जर्मन मानसशास्त्रज्ञ योआखिम वेस्टनहोफर यांनी पुढे खाण्यावरच्या ताब्याचे दोन प्रकार सांगितले: ताठर आणि लवचिक. ‘भात कधीच नाही’ हा ताठर ताबा. ‘आज भात खाल्ला, रात्री भाजी-भाकर’ हा लवचिक. लवचिक ताबा ठेवणाऱ्यांत अनावर खाण्याचे प्रसंग कमी आणि वजनही आटोक्यात आढळलं.

मनासारखंच शरीरही सततच्या तोट्याला विरोध करतं. वजन उतरू लागलं की भूक वाढवणाऱ्या संप्रेरकांचा जोर वाढतो, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं आणि शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकतं. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. केव्हिन हॉल यांच्या पथकाने २०१६ साली दाखवून दिलं, की त्यांचं शरीर विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. बहुतेकांचं वजनही पुन्हा चढलं होतं.

मधे मधे सुटी दिली तर हा विरोध ढिला पडतो का? ऑस्ट्रेलियातील तस्मानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ५१ लठ्ठ पुरुषांवर हे तपासलं. एका गटाने सलग १६ आठवडे कमी खाल्लं. दुसऱ्या गटाने दोन आठवडे कमी आणि दोन आठवडे वजन स्थिर राहील इतकं, असं आलटून पालटून खाल्लं. तोट्याचे आठवडे दोघांचे सारखेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सलग डाएट करणाऱ्यांचं वजन सरासरी ९.१ किलो उतरलं, सुट्या घेणाऱ्यांचं १४.१ किलो. मात्र सुट्यांमुळे दुसऱ्या गटाला १६ ऐवजी ३० आठवडे लागले आणि अन्नही संशोधकांनीच पुरवलं होतं.

हे आकडे बघून हुरळून जाण्याचं कारण नाही. ऑस्ट्रेलियातच व्यायामाची सवय असलेल्या ६१ जणांवर झालेल्या अभ्यासात दर तीन आठवड्यांनी एक आठवडा सुटी देण्यात आली. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. चरबी दोन्ही गटांत सारखीच घटली, शरीराच्या ऊर्जाखर्चातही फरक दिसला नाही. भूक मात्र सुटी घेणाऱ्यांना कमी लागली. त्याआधी २००३ साली रेना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांनी मुद्दाम लोकांना डाएट थांबवायला सांगितलं. खंड पडला की माणूस घसरतो कसा, हे त्यांना बघायचं होतं. पण सांगून दिलेल्या सुटीनंतर माणसं पुन्हा रुळावर आली आणि शेवटी त्यांचं वजन सलग डाएट करणाऱ्यांइतकंच उतरलं.

तेव्हा सुटीने चरबी जादूने वितळत नाही. नुकसान मात्र होत नाही आणि तगून राहणं सोपं होतं. खरा फरक आहे तो आधी ठरवलेली सुटी आणि घडून गेलेली सुटी यांच्यात. पहिलीला शेवटची तारीख असते, दुसरीला नसते.

अशा सुटीत खायचं किती? वजन उतरूही नये आणि चढूही नये, इतकं. डाएटमध्ये रोज साधारण ५०० कॅलरींची कपात असेल, तर सुटीत तेवढ्याच परत घ्यायच्या. म्हणजे दिवसाला वाटीभर जास्तीचा भात, वाटीभर वरण आणि एखादी करंजी, फार तर एवढंच. नव्या तांदळाचा भात खावा, पण आधी अर्धं ताट भाजीने भरावं. रस्सा घ्यावा, वरची तर्री वाटीतच राहू द्यावी. पाहुणचाराच्या दोन जेवणांमधलं तिसरं जेवण ताकावर किंवा मुगाच्या वरणावर भागवावं. पावसाळ्यात तर या मुलखाइतकं भाग्य कुणाचं नाही. तरोटा, वास्ते, सात्या अशी पोट भरणारी आणि कमी कॅलरींची भाजी जंगलच पुरवतं. तेल मात्र हात राखून घालायला हवं.

सुटी संपल्यावर वजनकाटा एक-दीड किलो जास्त दाखवतो आणि इथेच पुष्कळ जण खचतात. यातली बरीचशी वाढ पाण्याची असते. भात-गोड वाढलं की यकृत आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा होतो आणि तो आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतो. खारट खाण्याने त्यात भर पडते. किलोभर चरबी चढायला गरजेपेक्षा जवळपास ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. दोन दिवसांच्या मंडईत ते घडत नाही. पथ्य पुन्हा सुरू झालं की आठवडाभरात पाणी उतरतं. धोका वेगळा आहे. अमेरिकेत १९५ प्रौढांचं सणासुदीच्या आधी आणि नंतर वजन घेतलं गेलं. सरासरी वाढ अर्ध्या किलोहूनही कमी निघाली, पण पुढच्या महिन्यांत ती उतरलीच नाही. सण थोडंसंच वजन चढवतो. त्याला तारखेवर निरोप दिला नाही, तर ते मुक्कामाला राहतं.

खाण्याला सुटी असली तरी चालण्याला सुटी नको. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ तेवढंही हलत नाहीत. नुसत्या चालण्याने वजन फारसं उतरत नाही हे खरं, पण उतरलेलं वजन टिकवायला चालण्यासारखा आधार नाही. मंडईला शेजारच्या गावी दुचाकीऐवजी दिवसाउजेडी पायी जाता आलं, तर सुटीतलाही व्यायाम झाला.

‘पहाटे उठून फिरायला जा’ हा शहरी सल्ला मात्र इथे जसाच्या तसा देता येत नाही. ताडोबाच्या आजूबाजूच्या तालुक्यांत पहाटेच्या अंधारात गावाबाहेर पडणं म्हणजे वाघाच्या वेळेत पडणं. तिथे सूर्य वर आल्यावर, चौघांच्या सोबतीने, शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारलेल्या बऱ्या. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारचं चालणं जिवावर बेतू शकतं. त्या दोन महिन्यांत घरातले सूर्यनमस्कार आणि जिन्याच्या पायऱ्या कामी येतात.

शेतकऱ्याच्या घरात वर्षाची आखणी आणखी वेगळी होते. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून आठ तास राबणाऱ्या बाईने कमी खाणं हा अन्यायच. तीच गोष्ट मोह वेचण्याच्या आणि तेंदूपत्ता तोडण्याच्या हंगामाची. हे दिवस डाएटच्या सुटीचे. धान घरात आल्यावर हाताला काम कमी आणि ताटात अन्न जास्त, तेव्हा पथ्य पाळायचं आणि मंडईच्या आठवड्यापुरतं थांबवायचं. शेताच्या पंचांगावर सगळं चालणाऱ्या घराला अशी आखणी नवी वाटू नये.

हा सगळा खटाटोप आरशात बारीक दिसण्यासाठी नाही. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातल्या ८६ गावांतील मृत्यूंची कारणं तपासली. सर्वांत मोठं कारण निघालं पक्षाघात. दर सात मृत्यूंमागे एक. मलेरिया आणि कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात हे घडत होतं. पक्षाघाताच्या मुळाशी बहुधा वाढलेला रक्तदाब असतो आणि वजन एक किलो उतरलं की रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी एकाने खाली येतो. म्हणून पाच किलो उतरवून ते पाच वर्षं टिकवणारा माणूस तीन महिन्यांत पंधरा किलो उतरवून ते परत चढवणाऱ्यापेक्षा शहाणा. रक्तदाब असलेल्याने एक गोष्ट मात्र सुटीतही सांभाळावी: मीठ. लोणचं, पापड आणि चकल्यांना सुटीतही मोकळीक नाही. गोळ्यांना तर सुटी नसतेच.

याच जिल्ह्यांत दुसरं चित्रही आहे आणि ते विसरून चालणार नाही. एकाच घरात सासऱ्याचं पोट सुटलेलं आणि सुनेच्या अंगात रक्त कमी, असं सर्रास आढळतं. सिकलसेलचे रुग्णही या भागात मोठ्या संख्येने आहेत. वजन आधीच कमी असलेली बाई, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई, वाढत्या वयाची मुलगी, सिकलसेलचा रुग्ण यांनी घरातल्या कुणाचं बघून जेवण कमी करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने खाणं कमी-जास्त करण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं, नाहीतर साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळू शकतो.

एक आक्षेप उरतो. माणसाला सुटी दिली की तो परत येतच नाही. काहींच्या बाबतीत हे खरंही आहे. त्यावर उपाय सुटी नाकारण्याचा नाही, तिला कुंपण घालण्याचा आहे. पथ्य परत सुरू करण्याची तारीख मंडईला निघण्याआधीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि घरात एकाला सांगून ठेवावी. सुटी एक आठवड्याची, फार तर दोन. त्यात रोजचं चालणं आणि आठवड्याला एकदा वजन करणं ठरलेलं. तारखेला पुन्हा भाजीने अर्धं भरलेलं ताट.

आहाराचे तक्ते देणाऱ्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनीही थोडं बदलायला हवं. पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरातले ओट्स आणि ब्रोकोली लिहिलेला कागद मूल-सावलीच्या रुग्णाच्या हाती देऊन काय साधणार? त्याला भात किती खातोस हे जरूर विचारावं. त्याच बैठकीत, तुझ्या गावची मंडई कधी आणि सासुरवाडीची कधी, हेही विचारावं. त्या दोन तारखा तक्त्यावर आधीच सुटीच्या म्हणून लिहिलेल्या असल्या, तर मंडईहून परतलेला माणूस पथ्य मोडलेला ठरत नाही. तो ठरल्याप्रमाणे परत आलेला असतो.