खुरपणारीला विचारले काय?

काटेवाडीत आषाढी वारीच्या वाटेवर तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. या मेंढ्या बांधावरच्या आणि पडीक रानातल्या गवतावर जगतात. कृषिशास्त्र ज्याला तण म्हणून शत्रू ठरवते, तोच धनगराचा चारा असतो. खुरपणारी शेतमजूर बाई संध्याकाळी ओट्यातून घरी नेते ती घोळ-तांदुळजाची भाजीही त्यातलीच. तेव्हा तण मारण्याचा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा नाही. तो मजुरीचा, आणि म्हणून सत्तेचा प्रश्न आहे.

साखर-बीटाचे रोप कोवळेपणी मंद वाढते आणि तण त्याला दडपते. अमेरिकेत त्यावर उपाय निघाला तो असा: एका जिवाणूचा जनुक बीटात घालायचा, म्हणजे ग्लायफोसेट फवारले तरी बीट तगते आणि भोवतालचे सारे हिरवे जळते. मोन्सँटो आणि जर्मनीची केडब्ल्यूएस यांनी घडवलेले हे बीट 2008 पासून तेथे व्यापारी प्रमाणावर पेरले गेले. दोनच वर्षांत सुमारे 95 टक्के क्षेत्र त्याखाली गेले. पर्यावरणीय परिणामांचा पुरेसा अभ्यास झाला नाही म्हणून 2010 मध्ये न्यायालयाने परवानगी रद्द केली, तेव्हा साध्या बीटाचे बियाणे पुरेसे उरलेले नाही हा युक्तिवाद पुढे आला. 2012 मध्ये पूर्ण परवानगी पुन्हा मिळाली. आधी पर्याय संपवायचा आणि मग पर्याय नाही म्हणून मुभा मागायची, ही मक्तेदारीची जुनी रीत आहे.

इंदापूर तालुक्याला बीट अपरिचित नाही. कळस येथे सिंजेंटाच्या वाणावर बीटापासून इथेनॉल काढण्याचा उद्योग उभा राहिला होता. ते वाण जनुक बदललेले नव्हते आणि उसाची सद्दीही त्याने मोडली नाही. परंतु तणनाशकाला दाद न देणाऱ्या बियाण्याची मागणी महाराष्ट्रात आलेलीच आहे. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने परवानगी नसलेल्या अशा कापसाची जाहीर पेरणी केली. मजूर मिळत नाहीत, खुरपणी परवडत नाही, हे तिचे म्हणणे होते.

लहान शेतकऱ्याची ही अडचण खोटी नाही. पण निष्कर्ष खोटा आहे. मजूर मिळत नाहीत याचा अर्थ बहुधा देऊ केलेल्या मजुरीत मिळत नाहीत, एवढाच असतो. रोजगाराची हमी 1977 साली कायद्याने देणाऱ्या राज्यात, बाईचा रोज वाढला ही आपत्ती मानावी काय? खुरपणी कंबर मोडणारे काम आहे आणि ते कोणाच्याही नशिबी कायमचे राहू नये. मग सायकल कोळपे आणि यंत्रे खुरपणाऱ्या बायांच्या गटांच्या मालकीची का करू नयेत? कष्ट कमी करणे वेगळे आणि कष्टकऱ्याला काढून टाकणे वेगळे.

शेतकऱ्याच्या तरी पदरात काय पडते? उसात हरभरा, कांदा, भुईमूग ही आंतरपिके घेणाऱ्या रानात सर्व हिरवे जाळणारा फवारा हात आखडायला लावतो. अमेरिकेत कोचिया आणि रानराजगिऱ्याच्या जाती ग्लायफोसेटलाही पुरून उरल्या. मग दुसरे औषध, दुसरे बियाणे, दुसरा खर्च. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये ग्लायफोसेटची फवारणी प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरती मर्यादित करणारी अधिसूचना काढली. जे रसायन शेतकऱ्याच्या हाती देणे सरकारला धोक्याचे वाटते, त्याच्याच भरवशावर बियाणे विकायचे, हा विवेक नव्हे.

म्हणून अशा कोणत्याही बियाण्याला मुभा देण्यापूर्वी दोन अटी असाव्यात. किती हातांची मजुरी जाईल याचा हिशेब परवानगीच्या कागदांत आला पाहिजे, आणि ग्रामसभेत शेतमजूर स्त्रियांचे म्हणणे नोंदवले गेले पाहिजे. शास्त्रज्ञाला विचारता, कंपनीला विचारता, बागायतदाराला विचारता. वाफ्यात वाकलेल्या बाईला विचारल्याशिवाय घेतलेला निर्णय विज्ञानाचा असेल, लोकशाहीचा नव्हे.