वाट साफ करण्याआधी

शिरोड्याचे नाव निघाले की १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवतो, आणि १९२० ते १९३८ या काळात येथे शिक्षक असलेले वि. स. खांडेकर. मिठागरांचे बांध मात्र सहसा कुणाला आठवत नाहीत. या बांधांलगतच्या वाटांवरून सायकलने जाणे सुखाचे असते. पण कुणी 'सायकलमार्ग' म्हटले, की मला भयच वाटते: सिमेंट, दिवे, तासलेल्या कडा आणि वर 'निसर्गरम्य' अशी पाटी! (हे विशेषण आपल्या प्रवासवर्णनांनीच झिजवले आहे.)

टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते, आणि तीही साधारण मार्च ते ऑगस्ट या काळात. मग पावसाळ्यापूर्वीची आपली साफसफाई कुणाच्या मुळावर येते? कडेचे गवत दिवाळीनंतर, बी झडल्यावर कापावे. तेही एका वर्षी एकाच बाजूचे. समुद्राच्या बाजूला तर दिवे नकोतच. वाळूतून बाहेर पडलेली कासवाची पिल्ले रात्री उजेडाच्या रोखाने चालतात. खांबावरचा दिवा त्यांना पाण्याऐवजी रस्त्याकडे ओढतो. सायकलस्वाराने दिवेलागणीपूर्वी घरी परतावे, एवढी गैरसोय सोसवेल.