ॲपमधलं 'डाउनलोड' जुन्या सीडी प्लेअरपर्यंत का पोचत नाही?

ऑगस्ट २०२४ मध्ये एअरटेलने विंक म्युझिक बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ३१ जानेवारीला रेसोने भारतातला गाशा गुंडाळला होता. दोन्हीकडे लोकांनी हौसेने गाणी 'डाउनलोड' करून ठेवली होती. ॲपबरोबर तीही गेली. कारण ॲपमधलं डाउनलोड ही कुलूपबंद फाइल असते. किल्ली ॲपकडे. पैसे भरले तरी ती फाइल तुम्हाला आजोबांच्या जुन्या सीडी प्लेअरसाठी डिस्कवर बर्न करता येत नाही.

मग बर्न करायचं काय? स्वतःच्या सीडीवरून उतरवलेली गाणी, विकत घेतलेल्या एमपी३, किंवा कॉपीराइट संपलेली ध्वनिमुद्रणं. तिसऱ्या प्रकारात नाशिककरांच्या घरचाच खजिना आहे. पंडित द. वि. पलुसकर १९२१ मध्ये नाशिकला जन्मले आणि १९५५ मध्ये, अवघ्या ३४व्या वर्षी गेले. भारतात ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवरचा हा हक्क २०१५ अखेर संपला. बंदिश परंपरागत असेल तर शब्द-चालीचाही प्रश्न नाही. सिनेमाचं गाणं मात्र वेगळं. 'बैजू बावरा'मधली (१९५२) त्यांची आणि अमीर खाँ यांची जुगलबंदी कितीही आवडली तरी तिचे संगीतकार नौशाद २००६ मध्ये गेले, आणि संगीतावरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो.

आता खरी गोम. फाइल मिळाली, डिस्क बर्न केली, प्लेअरमध्ये घातली आणि तो नुसताच 'एरर' दाखवतोय, असं हमखास होतं. आपण एमपी३ फाइल जशीच्या तशी कॉपी केलेली असते. जुन्या प्लेअरला फाइल, फोल्डर हा प्रकारच कळत नाही. १९८२ पासून बाजारात असलेल्या ऑडिओ सीडीवर फाइल नसतेच; सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, डावा-उजवा असे दोन चॅनल, एवढाच सलग प्रवाह असतो. त्यामुळे बर्न करताना 'डेटा सीडी' नाही, 'ऑडिओ सीडी' निवडायची. विंडोजमधल्या मीडिया प्लेअर लेगसीत ही सोय आहे. एमपी३ उलगडून त्या साच्यात बसवायचं काम सॉफ्टवेअर करतं.

किंमत जागेत मोजावी लागते. ७०० एमबीच्या डिस्कवर १२८ केबीपीएसच्या एमपी३ साधारण १२ तासांच्या मावतात, ऑडिओ सीडीवर फक्त ८० मिनिटं. जुन्या तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास, म्हणजे पंचवीसेक बाजू. एका बैठकीला पुरे! आणि एक सांगून ठेवतो: १२८ची एमपी३ सीडीवर गेली म्हणून आवाज सुधारत नाही. गळलेलं ते गळलेलंच.

डिस्क सीडी-आर घ्या. सीडी-आरडब्ल्यूवरून प्रकाश बराच कमी परततो, जुन्या लेझरला ती दिसतच नाही. वेग शक्यतो कमी ठेवा आणि शेवटी डिस्क 'फायनलाइझ' करा, नाहीतर कॉम्प्युटरवर वाजेल पण प्लेअरवर नाही.

लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा रायटर लागेल. कोऱ्या डिस्कचं मात्र दिवसेंदिवस कठीण होणार. एकेकाळी जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांत असलेली आपली मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीतून थेट लिक्विडेशनमध्ये गेली. सोनीनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे आणि मिनीडिस्कचं उत्पादन थांबवलं. सीडी-आर अजून मिळते. दहा-वीस घेऊन ठेवायला हरकत नाही.