धीर कोणी धरायचा?



उन्हाळा लागला. जंगलातले पाणवठे आटत चालले, वाघ उरल्यासुरल्या पाण्यावर येऊन बसतो, म्हणून ताडोब्याच्या फाटकांवर उजाडायच्या आधीपासून जिप्स्यांची रांग लागते. शहरातले कॅमेरेवाले येतात. हातभर लांब लेन्स, मांडीवर तांदळाची नाही तर वाळूची थैली, कॅमेरा हलू नये म्हणून. आपलेच पोट्टे गाईड म्हणून सोबत असतात. परवा एक जण घरी येऊन सांगत होता, आजचा पाहुणा रडकुंडीला आला. काऊन? तर वाघीण रस्ता ओलांडून गेली, आणि साहेब मागच्या पडद्यावर आधी काढलेला चितळाचा फोटो पाहत बसले होते.

आम्ही हसलो. पण त्या माणसाचं दुःख खोटं नाही. रजा काढून, पैसे मोजून आलेला. आमचं भांडण त्याच्याशी नाहीच. भांडण आहे ते धीराच्या हिशोबाशी.

पोट्टा सांगतो, साहेब, गाडी बंद करा, बोलू नका. सांबर ओरडलं, आता वाघ चालतो आहे. वानर एकदाच खेकसलं तर त्याच्यावर फार भरवसा ठेवू नका. पाहुणा दहा मिनिटं ऐकतो. तेवढ्यात दुसऱ्या गाडीवाला म्हणतो, तिकडे दिसला! मंग हाणा गाडी. सगळा धुरळा. तिकडे काहीच नसतं, आणि मागे त्याच पाणवठ्यावर वाघीण निवांत पाणी पिऊन जाते. जिथं दिसते तिथं गाड्या तिला घेरतात. जनावरापासून २० मीटर लांब राहा असा नियम आहे, २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिला आहे. बक्षिशीच्या नोटेपुढं २० मीटरचे ५ होतात. यात आपले पोट्टेही दोषी आहेत, ते झाकून चालणार नाही.

पण सांबराची ओरड ओळखायला त्यांना कोणी शिकवलं? बापामागं ढोरं चारताना शिकले, आयांसोबत पहाटे मोहा वेचताना शिकले. आज तीच ढोरं आणि तोच मोहा म्हणजे वाघाला त्रास, असं आम्हालाच ऐकवलं जातं. फोटो हुकला तर पाहुणा पुढच्या वर्षी येईल. मोहा रात्री पडतो. सकाळी बाई पोचली नाही तर दुपारपर्यंत चितळ-अस्वलानं खाल्लेला असतो. तो हंगाम परत येत नाही.

पाणवठ्यावर दोन तास बसलेल्याच्या धीराचं कौतुक होतं. ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली, अंधारी अभयारण्य १९८६ साली. गाभ्यातली गावं एकामागून एक उठली. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या कलम ४(५) मध्ये साफ लिहिलं आहे की हक्काची तपासणी आणि मान्यता पुरी होईस्तोवर कोणाला जमिनीवरून हटवायचं नाही. एवढं थांबलो आम्ही, त्याला कोणी धीर म्हणत नाही. आम्ही अतिक्रमणदार!

आता आमच्या हुकलेल्या संधीचं ऐका. आपल्याच भागातल्या एका विधवा बाईचा दावा नामंजूर झाला. कागद कचेरीतल्या फाइलीत पडून होता. ती गेली की ऐकायची, थांबा, साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या. थांबली. मंग एक दिवस म्हणाले, अपिलाची मुदत गेली, बाई. वाघ समोरून गेला आणि हिला कोणी सांगितलंच नाही की बघ म्हणून.

नियम काय आहे? दावा नामंजूर करायची शिफारस असली तरी ती दावेदाराला स्वतःला कळवावी लागते, म्हणजे त्याला ६० दिवसांत अर्ज करता येईल. आणखी ३० दिवस देणं समितीच्या हाती असतं, त्या भरवशावर बसू नका. कळवलंच नाही, तर मुदत कुठून मोजली हे लेखी विचारा. कारणं लेखी मागा.

म्हणून ग्रामसभांना सांगणं आहे. कचेरीत दिलेल्या प्रत्येक कागदाची शिक्क्याची पोच घ्या. एकटं कोणाला पाठवू नका, वनहक्क समितीचे दोघं सोबत जा. आणि नामंजुरीचा कागद हातात पडला की त्याच दिवशी घराच्या भिंतीवर कोळशानं तारीख लिहा, रोज एक रेघ मारा. चाळिसाव्या रेघेच्या आत अर्ज गेलाच पाहिजे.