हॅलोवीन आपले नव्हे. पण मग आपला आक्षेप नेमका कशाला?

१/ २०२४ मध्ये नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले : ३१ ऑक्टोबर. आमच्या शिरोड्यात मुलांनी रात्रभर मिरवलेला नरकासुर पहाटे जाळला. तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले गेले, घरोघरी चावदिवसाचे पोहे झाले. आणि संध्याकाळी शेजारची दोन मुले काळ्या टोप्या आणि कागदी सुळे लावून आमच्या दारात उभी राहिली.

२/ आजीने त्यांच्या हातावर लाडू ठेवले आणि विचारले, “भुतांचो सण? मगे वेतोबाक इचारलंस काय?” त्याच रात्री भ्रमणध्वनीवर एक संदेश फिरत आला. हॅलोवीन हे ख्रिस्ती धर्माचे आक्रमण असून मुलांना त्यापासून वाचवावे, असा त्याचा आशय होता. आजीचा प्रश्न आणि तो संदेश, या दोहोंमधील अंतराविषयी हा धागा आहे.

३/ प्रथम उगम. आयर्लंडमध्ये हिवाळ्याच्या आरंभी ‘साउइन’ हा सण असे. त्याची वर्णने आपल्याला मिळतात ती मध्ययुगीन आयरिश साहित्यात; त्यापूर्वीच्या भुताखेतांच्या विधींविषयी ठामपणे बोलावे इतका पुरावा नाही. पुढे १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर ही रात्र अमेरिकेत पोहोचली. तेथे कोरलेल्या सलगमाची जागा भोपळ्याने घेतली.

४/ आता ‘ख्रिस्ती आक्रमण’ या आरोपाकडे पाहू. पोलंडमध्ये १ नोव्हेंबरला दफनभूमी दिव्यांनी उजळतात, आणि तेथील अनेक कॅथलिक धर्मगुरूंना हॅलोवीन हा त्या गंभीर स्मरणाचा उपमर्द वाटतो. जर्मनीत ३१ ऑक्टोबर हा मार्टिन ल्यूथरच्या १५१७ मधील प्रबंधांचा स्मरणदिन. भोपळ्यांच्या गर्दीत तो झाकोळतो, अशी प्रोटेस्टंटांची खंत आहे. ज्या सणाला धर्मगुरूच विरोध करतात, त्याला त्यांच्याच धर्माचे आक्रमण म्हणणे इतिहासाला धरून नाही.

५/ मेक्सिकोचा आक्षेप निराळा. तेथे याच दिवसांत मृतांसाठी घरात वेदी मांडतात, झेंडूची फुले वाहतात. २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत या परंपरेचा समावेश झाला. अमेरिकी हॅलोवीन ती गिळून टाकील, ही तेथील भीती. गंमत अशी की, राजधानीतील या दिवसांची भव्य मिरवणूक २०१६ मध्ये सुरू झाली ती ‘स्पेक्टर’ या जेम्स बाँडपटातील काल्पनिक मिरवणुकीवरून! परंपरेच्या रक्षणासाठीही उसनवारी चालते.

६/ पूर्व आशियातला प्रश्न संस्कृतीपेक्षा गर्दीचा. टोकियोच्या शिबुया भागात २०१९ पासून हॅलोवीनच्या काळात रस्त्यावर मद्यपानास बंदी आली. २०२३ मध्ये तेथील महापौरांनी ‘येऊ नका’ असेच आवाहन केले. त्याआधी, २९ ऑक्टोबर २०२२ रोजी सोलच्या इतेवॉन भागातील एका अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी होऊन १५९ जणांचे प्राण गेले होते.

७/ म्हणजे आक्षेप तीन प्रकारचे : श्रद्धेचा, परंपरेचा आणि सुरक्षिततेचा. प्रत्येक ठिकाणी लोकांना आपण काय गमावू, हे ठाऊक आहे. आपल्याकडच्या संदेशात मात्र तिन्हींचे कडबोळे असते आणि ‘आपले’ काय, याचा एका ओळीनेही उल्लेख नसतो.

८/ तो येथे करतो. शिरोड्याला लागूनच आरवली. तेथील ग्रामदैवत वेतोबा, म्हणजे वेताळ. लोकश्रद्धेनुसार भुतांचा अधिपती. भक्त त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला अर्पण करतात, कारण तो रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. जे भयप्रद, त्यालाच आपण गावाचा राखणदार केले. पितृपक्षात म्हाळ घालून कावळ्याची वाट पाहणारे आपण, मृतांशी नाते कसे राखावे हे कोणाकडून शिकणार?

९/ साम्य म्हणजे समान उगम नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. नरकासुर आणि हॅलोवीन यांचा संबंध जोडण्याचा मोह मी टाळतो. पण नरकासुराविषयी एक प्रश्न टाळता येत नाही. गोव्यात आणि आपल्याकडेही त्याच्या स्पर्धा, बक्षिसे आणि कानठळ्या बसवणारे ध्वनिवर्धक वाढत गेले. राक्षस दोन मजली, आणि त्याला मारणारा कृष्ण कोपऱ्यात. ही हानी कोणत्या परक्या सणाने केली?

१०/ शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. २ नोव्हेंबर २०२४ रोजी दिवाळीचा पाडवा होता आणि मृतात्म्यांचा दिवसही. वेंगुर्ले-सावंतवाडीकडची ख्रिस्ती कुटुंबे त्या दिवशी आप्तांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. आपल्या अंगणात त्याच संध्याकाळी पणत्या होत्या. ‘आक्रमण’ हा शब्द पुढे ढकलताना तो अमेरिकेतील भोपळ्यांना लागत नाही; पिढ्यान्‌पिढ्या आपल्याबरोबर राहणाऱ्या या शेजाऱ्यांना लागतो.

११/ हॅलोवीन साजरे करा, असे माझे म्हणणे नाही; मला स्वतःला त्याचे फारसे आकर्षण नाही. पण त्या दोन मुलांना दटावण्यापेक्षा पुढच्या पहाटे कारीट फोडायला बोलवावे, वेतोबाच्या चपलांची गोष्ट सांगावी. ज्याला आपली भुते ठाऊक आहेत, तो परक्या भुतांना भीत नाही. आजीने लाडू दिले ते म्हणूनच. मतभेद असतील तर अवश्य मांडा. साधार मांडा, एवढीच विनंती.