पंखा चिकटवू नका!

मंडळी, एक्सबॉक्स ३६०च्या पाठीला जादा पंखा लावून 'कूलिंग सुधारलं' म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. आज ते जाहीरपणे करतोय, कारण आमच्या भाचेमंडळींपैकी एकाने हा म्हातारा कन्सोल कुणाकडून तरी घेतलाय आणि फॅनच्या शोधात आहे.

अरे बाबा, उष्णतेला बाहेर पडायचा एक रस्ता असतो. चिपमधून थर्मल पेस्टमध्ये, तिथून हीटसिंकच्या पात्यांत आणि मग हवेत. पेस्ट वाळून खडखडीत झाली असेल, पात्यांत धुळीची गोधडी बसली असेल, तर बाहेर विमानाचा पंखा लावलास तरी काय होणार? नुसता आवाज!

आणि मुळात चूक वापरणाऱ्याची नव्हतीच. २००५च्या मॉडेलमध्ये ग्राफिक्स चिपच्या डोक्यावर डीव्हीडी ड्राइव्ह बसवलेला, म्हणून तिचा हीटसिंक बुटका. घरातल्या सगळ्यात तापट माणसाला पोटमाळ्याखाली झोपवायचं, त्यातली गत. तीन लाल दिवे लागून कन्सोल इतके मेले की जुलै २००७मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या दोषापुरती वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यापायी १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. पुढे ग्राफिक्स चिपला हीटपाइपने जोडलेला आणखी एक हीटसिंक आला. २०१०च्या स्लिममध्ये तर दोन्ही चिपा एकत्र करून वर एकच मोठा पंखा दिला. म्हणजे जमत होतं की!

मेख अशी, की नुसतं तापणं नव्हे, तापून निवणं आणि पुन्हा तापणं, यानं आतले सोल्डरचे जोड तडकत होते. कंपनीच्याच लोकांनी हे २०२१च्या माहितीपटात सांगितलं. तोवर लोक कन्सोलला टॉवेलात गुंडाळून आणखी तापवत होते, आणि तो घटकाभर चालायचा म्हणून खूश होत होते!! (तापाच्या रुग्णाला शेकोटीशेजारी बसवा आता.) तडकलेला जोड टॉवेलनेही सांधत नाही आणि पेस्टनेही नाही. पेस्ट आणि सफाई हवी ती जोड शाबूत असतानाच.

पण सफाईला उघडावं लागतं, आणि उघडायला गेलं की पुढच्या पट्टीखाली सीलचा स्टिकर! ज्या वस्तूत धूळ जाणारच, ती साफ करायला मालकानेच घाबरायचं? हा कुठला न्याय? २०१८ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मायक्रोसॉफ्ट, सोनी, निन्टेन्डोसह सहा कंपन्यांना वॉरंटीच्या असल्या अटींबद्दल तंबी दिली. तेरा वर्षांनी का होईना..

असो. ३६०ची वॉरंटी तर केव्हाच संपली, तेव्हा स्टिकरची भीड नको. वायर काढा, टॉर्क्स पाना घ्या, ब्रशने पाती झाडा, जुनी पेस्ट पुसून नवी लावा. पेस्ट पातळच हं, पुरणासारखी भरू नका. आणि कन्सोल त्या काचेच्या शोकेसमधून बाहेर काढा आधी!